उपासांची वाटणी

डॉक्टरीणबाईंनी माझ्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब टिपकागदावर घेतला आणि तो एका पट्टीशेजारी धरला. पट्टीवर तांबडे ठिपके होते, वर गडद आणि खाली खाली फिके होत गेलेले. माझा थेंब अगदी तळच्या ठिपक्याशी जुळला. धुऊन निघालेल्या कुंकवासारखा दिसत होता तो. बाई माझ्या मालकांकडे वळून म्हणाल्या, "ये बिमारी नहीं, फाका है. बाईच्या पोटात अन्न नाही."

मालकांचं तोंड उतरलं. मला तर रागच आला. आमच्या घरात ज्वारीचं पेव भरलेलं होतं, दावणीला दोन म्हशी होत्या. गावात कुणाकडे पीठ संपलं तर बाया आमच्या दारात येत. आणि ही हैदराबादची बाई मला उपाशी म्हणत होती.

हे हिंगोलीच्या जनाना दवाखान्यातलं. निजामाचं राज्य जायच्या चार-पाच वर्षं आधीचं. आमचं गाव सेनगावच्या अंगाला. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. माझ्यासारखी जी कुणी असेल तिला उपयोग व्हावा म्हणून सांगते, माझी कीव यावी म्हणून नाही.

सुरुवात अशी झाली. त्या उन्हाळ्यात माझी पाळी थांबली. पाठोपाठ मळमळ सुरू झाली आणि चुलीची भाजलेली माती खावीशी वाटू लागली. पोतेरं केलं की ओल्या मातीचा वास यायचा आणि तोंडाला पाणी सुटायचं. एकदा सासूबाईंनी मला चुलीचा कोपरा खरवडताना धरलं. आम्ही सासूला आत्याबाई म्हणत असू. त्या ओरडल्या नाहीत. उलट हसल्या आणि शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "अवं, आमच्या कौसाला डोहाळे लागले!"

पाळी नाही, मळमळ आहे, माती गोड लागते. यात शंका कुणाला येणार? मलाही आली नाही. आत्याबाईंनी हिरवं लुगडं आणलं. पाचव्या महिन्यात ओटी भरायची ठरली. पण पोट काही दिसेना. मी तर दिवसेंदिवस वाळतच चालले होते. शेवटी सुईणीला बोलावलं. तिनं पोट दाबून दाबून पाहिलं आणि आत्याबाईंकडे न बघता म्हणाली, "इथं काई न्हाई, माय."

हिरवं लुगडं पेटीत गेलं. त्या दिवसापासून आत्याबाई माझ्याशी कामापुरतं बोलू लागल्या. मी नाटक केलं, असं त्यांना वाटत होतं. थोड्याच दिवसांत वसमतहून मालकांच्या मामाचा निरोप आला की त्यांची धाकटी उपवर झाली आहे. तुळशीचं लग्न लागलं की बोलणी करायची ठरलं. मालक हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. घरात सवत येणार हे मी धरून चालले होते. फक्त मला कुठल्या खोलीत झोपायला लावतील, एवढाच विचार डोक्यात येत असे.

दिवाळीच्या आधी विहिरीच्या पायऱ्यांवर मला घेरी आली. घागर फुटली, मी वाचले. मालक दोन दिवसांनी हिंगोलीला कापसाची गाडी घेऊन निघाले होते. कापसावर मला बसवलं आणि घेऊन आले. आत्याबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, "दाखवून आणतो."

तर डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या, काल काय खाल्लं. मी म्हटलं, काल शनिवार होता, मारुतीचा उपास. परवा? परवा शुक्रवार, देवीचा. त्याच्या आदल्या दिवशी? गुरुवार, दत्ताचा. सोमवार महादेवाचा होताच. महिन्यात एक संकष्टी आणि दोन एकादश्या. मंगळवारी अळणी. मुलासाठी जिनं जो उपास सांगितला तो मी धरला, आणि धरलेला सोडला नाही. उपासाला घरातली बाकी माणसं भगर, शेंगदाणे खात. माझा उपास मुलासाठी, म्हणून कडक. दिवसभर पाणी, आणि दिवस मावळल्यावर अर्धी भाकरी ताकाबरोबर.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुमी जेवता कधी?"

मी म्हटलं, बुधवारी आणि रविवारी. त्यांना हसू आलं, पण लगेच त्यांनी ते आवरलं. बुधवारचं जेवणही त्यांनी खोदून विचारलं. मालकांचं झालं की त्यांच्याच ताटात मी बसत असे. भाकरी भरपूर, कालवण उरेल तेवढं. गूळ, तीळ, मेथी, बाजरी बंद. उष्ण पडतं, गर्भ धरत नाही, असं एका जाणत्या बाईनं सांगितलं होतं. मटण, अंडी नवसात सोडलेली. दूध विरजणाला.

त्यांनी मग मला दोन शब्द सांगितले. एक ॲनिमिया. म्हणजे रक्त फिकं पडणं. रक्ताला लोह लागतं, ते अन्नातून येतं, आणि ते संपलं की घेरी येते, धाप लागते, माती खावीशी वाटते. दुसरा ॲमेनोरिया. म्हणजे दिवस गेलेले नसताना पाळी बंद होणं. ती का बंद होते, ते त्यांनी मालकांना असं समजावलं, "घरमालकालाच दाणा पुरत नाही, तो पाव्हण्याला बोलावतो का? शरीर भी वैसाच करता. दरवाजा बंद."

मी विचारलं, दार परत उघडतं का?

"उघडतं बहुतेक. जेवलात तर. पक्का वादा मी नाही देणार."

शौचाची तपासणी झाली. जंत निघाले नाहीत. मला अकरा दिवस ठेवून घेतलं. लोहाचं औषध काळं आणि कडू होतं, दातांना डाग पडतात म्हणून जिभेच्या मागे सोडायचं. त्यानं शौचाला काळं होतं. ऐकून माहीत असलं की घाबरायला होत नाही, म्हणून सांगून ठेवते. दिवसाआड दंडात एक सुई. ती कलेजीच्या अर्काची होती हे मला शेवटच्या दिवशी कळलं, आणि तोवर नवस मोडून गेला होता.

दवाखान्याच्या आवारात मालकांनी तीन दगडांची चूल मांडली. उभ्या जन्मात त्यांनी भाकरी थापली नव्हती. एक बाजू करपलेली, एक कच्ची. भांड्यांत ताट एकच आणलेलं. पहिल्या दिवशी ताट वाढलं आणि मी सवयीनं मागे सरकून बसले. ते म्हणाले, "तू खाय आदी. ती बाई खिडकीतून बघून राहिली." बाई खरंच बघत होत्या. मी जेवले, आणि माझ्या ताटात मालक जेवले. अकरा दिवस असंच चाललं. मला त्याची इतकी लाज वाटायची की भाकरी कशी लागते हे कळायचंच नाही.

निघताना पट्टीशी दुसरा थेंब लावला. दोन ठिपके वर चढला होता. मी बाईंना खरी भीती सांगितली. घरी गेल्यावर उपास मोडले तर देव कोपेल आणि सासू त्याच्या आधी.

त्या म्हणाल्या, "आमच्यात बीमार बाईला रोजा माफ असतो. नंतर भरून काढायचा. तुमच्या देवाला कुणी पुछा का?"

घरी आल्यावर मालकांनी सगळं सांगितलं. आत्याबाई भडकल्या. "देवाला कबूल केल्यालं मोडतेस? काहून? सा म्हैने माती खाल्ली, आता गूळ खाशील?" मी रोज्याची गोष्ट सांगितली. त्यांनी पाठ फिरवली. तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं होतं.

तिसऱ्या दिवशी सोमवार होता. मालक शेतात गेल्यावर आत्याबाईंनी ताट वाढलं. भाकरी, वरण, मेथीची भाजी, वर गुळाचा खडा. मला वाटलं, त्यांचं स्वतःचं असेल. त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसल्या.

"जेव. उपास मोडायचा न्हाई. देवाला उपास पायजे, कोणाच्या पोटाचा ते त्यानं कुटं सांगितलंय? आजपून सोमवार, शुक्रवार आन् एकादश्या माझ्या. शनवार, गुरवार आन् चतुर्थी माझ्या लेकाच्या. त्याला बी लेकरू पायजेच की."

"आन् वसमतचं?" मी विचारलं.

"मामाला निरोप धाडलाय. वरीसभर थांब म्हनलं."

उपाशी सासूच्या समोर बसून जेवणं फार अवघड असतं. त्या हलल्या नाहीत. ताट पुसून घेईपर्यंत बसून राहिल्या. मालकांनी आपली वाटणी कबूल केली खरी, पण शनिवारी त्यांच्या वाऱ्याला कुणी उभं राहू नये असा त्यांचा स्वभाव होऊन बसे.

चार महिन्यांनी मला पाळी आली. आमच्या घरात सून बाहेर बसली की सात वर्षं आत्याबाई भांडी आपटत. त्या दिवशी अंगणाच्या कोपऱ्यात मी बसले होते तिथवर त्या आल्या, आणि हात न लावता वरून माझ्या ओंजळीत तीळगुळाचे लाडू टाकले. एक नाही, चार. मग तिथेच, थोड्या अंतरावर, बसल्या.

"कौसा," त्या म्हणाल्या, "मला बी चुलीची माती लई गोड लागायची."

मला माहीत नव्हतं. मालक त्यांचे एकुलते, एवढंच ऐकून होते.

"ह्याच्या आदी तीन गेले. दोन पोटात, एक बाहीर येऊन. मी बी लई उपास धरले. माज्यापुढं ताट कोणी सरकवलं न्हाई, बाई." त्या रडल्या नाहीत. मीच रडले. सात वर्षं मी ज्या बाईला वैरीण समजत होते, तिचा मला त्या दिवशी फार कळवळा आला.

मामानं दिलेलं वर्ष संपायच्या आत मला दिवस गेले. या वेळी माती गोड लागली नाही. मुलगी झाली. मुलगा नाही म्हणून गावानं चुकचुक केली, आत्याबाईंनी केली नाही. वसमतच्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं. बाळंतपणातून उठल्यावर मी म्हटलं, आता माझा सोमवार मला द्या. त्या म्हणाल्या, "लेकरू अंगावर पितंय, ऱ्हाऊ दे." पुढेही त्यांनी तो कधी परत दिला नाही.

डॉक्टरीणबाईंना मुलगी दाखवायची राहिली. राज्य गेलं त्या धामधुमीत त्या हिंगोलीतून निघून गेल्या. कुठे गेल्या ते कळलं नाही. निघताना त्यांनी दिलेला टिपकागदाचा तुकडा माझ्याजवळ अजून आहे. थेंब आता तपकिरी पडला आहे.

जेवल्यावर प्रत्येकीला मूल होतंच, असं मी म्हणणार नाही. बाईंनीही म्हटलं नव्हतं. पण कुणाची सून माती खाते असं कानावर आलं की बाया ओटीचं बोलतात, आणि मी तिच्या घरी जाते. जेवणाच्या वेळेलाच जाते. तिचं ताट वाढून घेते आणि ती पोटभर जेवेपर्यंत तिथून उठत नाही.