सक्तीचा रकाना

परवा गॅसच्या ऑनलाइन फॉर्मवर रकान्यापुढची लाल चांदणी दिसली आणि मला अंबरनाथच्या आमच्या घरातला, तापलेल्या मॉनिटरचा आणि त्याच्या प्लॅस्टिक कव्हरचा वास आला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी हौसेने समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट बनवली होती. लोक वय, उंची गाळतात अशी मंडळाच्या काकांची तक्रार, म्हणून मी प्रत्येक रकान्यापुढे चांदणी लावून तो सक्तीचा केला होता. एका दुपारी काका साइट बघायला आले आणि पप्पा मला म्हणाले, "वधूंमध्ये पहिलं नाव तुझंच टाक." मला आधी नोकरी करायची होती, पण काकांसमोर मी फॉर्म उघडला. पप्पा खुर्चीमागे उभे राहून सांगत होते, मी टाइप करत होते. लोडशेडिंगमुळे लाइट रोज याच वेळेला जायची, त्या दिवशी नेमकी गेली नाही. शेवटी उंचीचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवून मी बटण दाबलं. स्क्रीनवर माझंच वाक्य लाल अक्षरांत आलं: 'ही माहिती भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.' पप्पांनी अभिमानाने काकांकडे पाहिलं. "बघा, पोरीने काम कसलं पक्कं केलंय! सुटायला जागाच नाही." मग मला म्हणाले, "पाच-दोन टाक." मी टाकलं. हल्ली ऑफिसात मी असेच फॉर्म बनवते आणि प्रत्येकात खाली एक बटण ठेवते, 'आत्ता नको'. साहेब विचारतात, हे कोण दाबणार? मी म्हणते, असू दे.