युद्धाच्या देशात गेलेली माझी पोरं

किस्से काही ठरवून गोळा होत नाहीत. परवा माझा मोबाईल फुल झाला म्हणून मुलानं जुने व्हॉइस मेसेज पुसायला घेतले, तर मी स्वयंपाकघरातून अशी ओरडले की त्याच्या हातून फोनच पडला! "आई, एवढं काय आहे त्यात?" म्हणाला. काय आहे म्हणजे? माझी सगळी पोरं आहेत त्यात!

मी निवृत्त सिस्टर. जन्मभर नर्सिंग शिकवलं आणि आता कुपवाडला एका लेथ वर्कशॉपच्या वरच्या हॉलमध्ये क्लास घेते. परदेशात जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची, त्याचं शिक्षण. खाली लोखंड कापल्याचा आवाज आणि वर मी, "पेशंटला उचलताना कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा!"

आमच्या पहिल्या बॅचची पोरं ज्या देशात गेली, तिथं ती पोचल्यावर वर्षाच्या आत युद्ध सुरू झालं. देशाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की ऐकणारे कोण बरोबर आणि कोण चूक यावर भांडायला लागतात आणि माझा किस्सा राहतो बाजूला. वाटलं होतं, आता क्लास बंद. पण त्याच देशात जायला दुसऱ्या बॅचला पहिलीपेक्षा जास्त नावं आली. मग मी ठरवलं, जाणारच आहेत तर नीट शिकून जाऊ देत.

*

पण युद्धातलं मला काय कळतंय? म्हणून मी आमच्या वर्गातल्या सारिकाच्या वडिलांना बोलावलं. आप्पा, पाटणकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गुडघे गेलेत, हातात काठी, पण ब्लेझरला इस्त्री कडक.

आप्पांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पोझिशन'. आणि पंधरा मिनिटांत माझ्या सगळ्या मुली पंजाबी ड्रेसमध्ये फरशीवर कोपरांनी रांगायला लागल्या! मी हसू दाबत तोंडावर पदर धरून उभी.

तेवढ्यात कवठे महांकाळची वंदना रांगता रांगता थांबली. "आवं आप्पा, माझा पेशंट नव्वद किलोचा असला तर त्याला पाठीवर घिऊन रांगू का?"

आप्पांचा खडू हातातच राहिला. तसेच काठी टेकत घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत आले, फळा पुसला आणि म्हणाले, "रातभर इचार केला. जवानाला आमी सांगतो, फुडं जा. तुमाला ते लागू न्हाई. तुमी फुडं बी जायचं न्हाई, मागं बी जायचं न्हाई. तुमी आत जायचं!"

एवढं सांगून झाल्यावर ते माझ्याकडं वळले आणि सारिकासमोरच म्हणाले, "सिस्टर, ह्या सगळ्यांस्नी कसं जायचं ते सांगितलं. हिला येवढंच सांगतो, जाऊ नगंस."

सारिका गेली.

त्या दिवसापासून आप्पांचा रोज सकाळी सहाला मला फोन. "सिस्टर, काय खबर?" एकदा मी वैतागून म्हटलं, "आप्पा, सारिका तुम्हाला रोज मेसेज करते की! मला कशाला विचारता?"

"ती लिवती, मी खुशाल हाय. मी बी सीमेवरनं तिच्या आईला तेच लिवायचो. तवा माझ्या बंकरात काय चाललेलं असायचं ते मला ठावं हाय. ती तुमाला खरं सांगती. तुमी मला सांगा."

त्यानंतर मी कधी वैतागले नाही.

*

कुठल्याही युद्धाच्या देशात राहायचं तर दाराशी एक बॅग भरलेली हवी. पासपोर्ट, त्याच्या झेरॉक्स, आठवड्याची औषधं, बॅटरी, चार्जर, सुका खाऊ. आपल्या वकिलातीत नाव आणि पत्ता नोंदवून ठेवायचा. हे मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की फळ्यावर त्याचा ठसा उमटलाय.

वंदना तिकडं पोचल्यावर मी व्हिडिओ कॉलवर बॅग तपासली. शेंगदाण्याची चटणी दोन डबे. लसणाची एक डबा. कडक भाकऱ्या, तीळ, गूळ, सुईदोरा, कुंकवाची डबी. सगळं बघून मी म्हटलं, "शाब्बास! आणि पासपोर्ट?"

"त्यो कपाटात हाय. तिजोरीच्या कप्प्यात. वर साड्या ठिवल्यात. कुणाला घावायचा न्हाई."

"अगं, बिल्डिंग सोडून पळायची वेळ आली तर?"

"आवं सिस्टर, येवढी महत्त्वाची वस्तू बरोबर घिऊन कुणी हिंडतं का?"

मी कपाळाला हात लावला. पण वंदनाला हसण्यात अर्थ नाही, कारण हीच वंदना पुढं आख्ख्या बिल्डिंगला पुरून उरली. तिथल्या सरकारनं सूचना काढली होती, घरात पिण्याचं पाणी साठवून ठेवा. लोकांनी बाटल्यांचा एकेक खोका आणून ठेवला. एका दुपारी कसलीशी पाइपलाइन फुटली आणि दोन दिवस नळाला थेंब नाही. वंदनाकडं मात्र बादल्या, पातेली, कुकर, फुलदाण्या, सगळं काठोकाठ! आंघोळीचा टब तर पहिल्या दिवसापासून भरलेला, आणि तिच्या पेशंटची त्यावरून रोज कटकट.

मजल्यामजल्यावरचे लोक भांडी घेऊन तिच्या दारात. हिनं त्यांची रांग लावली, म्हाताऱ्यांना पुढं घेतलं, आणि एका धट्ट्याकट्ट्या माणसाला दुसऱ्यांदा आला म्हणून परत पाठवलं. भाषा येत नसताना!

मी विचारलं, "वंदे, सरकारची सूचना एवढी मनावर घेतलीस?"

"कसली सूचना? टँकर कवा येतोय आन् कवा न्हाई, ह्यातच वाढलोय की आमी. पाणी भरून ठिवा, हे काय सांगायला लागतंय व्हय?"

*

सारिकाच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला एक सुरक्षित खोली आहे. जाड भिंती, लोखंडी दार. सायरन वाजला की दीड मिनिटात सगळ्यांनी त्यात शिरायचं आणि दार लावून घ्यायचं. सारिका आणि आमच्याकडच्या आणखी तिघी त्याच बिल्डिंगमध्ये कामाला होत्या.

पहिल्याच सायरनला लोक धावत आले. दार लावायला गेले तर लागेना! बघतात तर दारात चार जोड चपलांचा ढीग. चौघींनी आपापल्या पेशंटला आत नेलं होतं, पण जाताना दारात चपला काढून!

एक सैनिकासारखा दिसणारा शेजारी लाल होऊन ओरडला, "हे काय आहे?" सारिका हात जोडून म्हणाली, "सॉरी. आत सगळे बसलेत ना!" लाथेनं चपला उडवून त्यानं दार लावलं.

मी क्लासच्या सूचनांत लगेच एक ओळ वाढवली. 'पायात बूट घालूनच आत शिरायचं. काचा असतात.' फळ्यावर ती ओळ वाचून एक पोरगी म्हणाली, "सिस्टर, आई बघल का तिकडं?"

*

कुपवाडचा दिलीप पूर्वी आमच्या खालच्याच वर्कशॉपात लेथवर होता. वरचं लेक्चर ऐकून ऐकून एक दिवस हात पुसत वर आला आणि वर्गात बसला. स्वभावानं गरीब, पण मोबाईलचं वेड.

तिकडं कडक नियम आहे, आकाशात काही उडताना दिसलं तर शूटिंग करायचं नाही आणि कुठं टाकायचं तर मुळीच नाही. दिलीपनं गच्चीवरून व्हिडिओ काढला, त्याला ढोल-ताशाचं म्युझिक लावलं आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपला माणूस, डायरेक्ट मैदानातून!' गल्लीनं अंगठे दाखवले, फुलं पाठवली. एकानं तर सवयीनं वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिल्या.

आणि मग तो व्हिडिओ दिलीपच्या आईनं बघितला. बाई दोन दिवस जेवली नाही.

मला काही सुचेना, मी आप्पांना सांगितलं. आप्पांनी थेट परदेशात फोन लावला.

"दिलीप, ग्रुपवरचा त्यो व्हिडिओ काढून टाक."

"काढला आप्पा. डिलीट केला."

"ऐक रं गड्या. दुश्मनाला तुझा ठिकाणा कळला तर एक वेळ निभंल. आईला कळला की संपलं!"

*

आता सारिकाच्या आजीचं सांगते. आजी म्हणजे तिची पेशंट, वय ऐंशीच्या पुढं, पायांत जोर नाही, जिभेत भरपूर. नवऱ्याबरोबर आधीची युद्धं काढलेली. या खेपेला म्हणाली, "पुरे झालं. मी पलंगावरून हलणार नाही."

आमची शिकवण अशी, पेशंटनं नकार दिला तर दोनदा विनंती करायची आणि मग स्वतःचा जीव वाचवायचा. एजन्सीच्या कागदावरही तेच लिहिलंय, आणि सारिकानं त्यावर सही केलीय.

सायरन वाजला. सारिकानं दोनदा विनंती केली. आजीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तेव्हा सारिका पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली आणि आजीच्या राहिलेल्या भाज्या निवडायला घेतल्या.

थोड्या वेळानं आजीनं मान वळवली. "तू गेली नाहीस?"

"तुम्ही नाही गेलात."

"मूर्ख मुली, तुला आईबाप आहेत!"

"आहेत. म्हणूनच लवकर उठा."

आजीनं तिच्या भाषेतल्या सगळ्या शिव्या दिल्या आणि दोन्ही हात वर केले. सारिकानं तिला उचललं आणि खाली पळाली. पुढच्या वेळेपासून सायरन वाजला की आजी पर्स मांडीवर घेऊन आधीच तयार!

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना सांगितलं, कारण खरं सांगायचं ठरलं होतं. पलीकडून आवाज आला, "आर्डर मोडली पोरीनं." आणि फोन कट. मला वाटलं, आता हे मला कधी माफ करत नाहीत.

दुसऱ्या सकाळी सहाला फोन वाजलाच.

*

गेल्या हिवाळ्यात सारिका महिन्याच्या रजेवर घरी आली. आल्या दिवशी आप्पांनी तिचा पासपोर्ट आपल्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं आणि मला निरोप धाडला, "सिस्टर, पोरगी तुमचं ऐकती. परत जाऊ नगं म्हणून सांगा. मला हिच्यासाठी आणखी सकाळी सहाला उठवत न्हाई."

मी पाटणला गेले. खरं सांगायचं तर माझंही मन तेच म्हणत होतं. पोरगी धडधाकट परत आलीय, आता पुरे! सांगलीत, साताऱ्यात कुठंही काम मिळेल तिला. मी एसटीत सगळं भाषण तयार केलं होतं.

दुपारचं ऊन अंगणात आलं होतं. आप्पा खाटेवर, मी खुर्चीवर, सारिका खाली बसून सुपात शेंगा फोडत होती. सारिकाची आई आत ताटं वाढत होती. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "हे बघ सारिका..."

तेवढ्यात साखर कारखान्याचा भोंगा झाला. पाळी बदलायची वेळ. त्या घरात जन्मापासून रोज ऐकू येणारा भोंगा! पण सारिकाच्या हातातलं सूप उलटलं. काय होतंय ते मला कळायच्या आत तिनं गुडघे वाकवले, आप्पांच्या पाठीखाली एक हात आणि मांड्यांखाली एक हात घातला आणि सहा फुटी सुभेदाराला उचलून घरात पळाली. धान्याची पोती ठेवतात त्या खिडकी नसलेल्या खोलीत आप्पांना टेकवून बसवलं, मग परत येऊन मला दंडाला धरून ओढलं, आईला ओढलं, आणि दार लावून दाराला पाठ लावून उभी राहिली.

मग तिला कळलं. "आप्पा, कारखान्याचा हाय," म्हणाली आणि तिथंच खाली बसली. मला रडू फुटलं. लपवत नाही, हुंदके देऊन रडले.

सारिकाची आई उठली. "चला गं, ताटं वाढल्यात. माशा बसतील."

आप्पा हलले नाहीत. तिकडचा नियम आहे, सायरन थांबला तरी दहा मिनिटं बाहेर यायचं नाही. तो त्यांना पाठ होता. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "बसा खाली. अजून साताट मिनिटं हायती."

आम्ही बसलो. बाहेर कोंबड्या उलटलेल्या सुपातल्या शेंगा टिपत होत्या, त्यांचा आवाज येत होता. सारिकानं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला होता.

दहा मिनिटं झाली तशी मी उठून उभी राहिले. आप्पांनी काठी मागितली, पण उठले नाहीत.

"सारिके, आत्ता तिकडं वाजला तर म्हातारीला कोण उचलतंय गं?"

"बदली पोरगी हाय. पर तिच्यानं न्हाई उचलत, आप्पा."

आप्पांनी कमरेची किल्ली सोडवली आणि माझ्या हातात दिली. "सिस्टर, तुमी उभ्याच हायसा. जरा ट्रंक उघडा."