वंदनेशिवायची रीळ

घनसावंगीजवळच्या आमच्या गावात वडील भीमगीतांच्या पार्टीत गायचे आणि मी त्यांच्यामागं पेटी वाजवायचो. कार्यक्रम कुठलाही असो, आधी वंदना, मगच पहिला सूर. पुढं छातीच्या दुखण्यानं त्यांचं गाणं सुटलं आणि मी जालन्याच्या एका ऑर्केस्ट्रात विजेवरचा ऑर्गन वाजवायला लागलो.

शॉर्टवेव्हवर ऐकलेलं परदेशी संगीत बोटांत भिनलं होतं. त्यातल्या एकाला जाझ म्हणतात नि दुसऱ्याला फंक, हे फार उशिरा कळलं. डाव्या हातानं कव्वालीचा उड्या मारणारा ठेका, उजव्यानं ते भरकटणारे सूर, मधेच बटणं दाबून काढलेली पिठाच्या गिरणीसारखी घरघर. शब्द नाहीत, गायक नाही, सगळं माझ्या एकट्याचं. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीनं रीळ पाठवा म्हणून कळवलं. ऑर्गन घरी आणला, शाळेतल्या गुरुजींचा टेपरेकॉर्डर मागून घेतला आणि अर्ध्या तासाची एकुलती एक रीळ भरली. हुरळलो होतो, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी पार्सलसाठी कापड घेऊन आलो, तर टेपचं चाक फिरतंय आणि वडील समोर बसलेले.

"तू वंदना घ्यायची इसरलास. म्या म्हणून टाकली सुरवातीला," ते म्हणाले. "आता बराबर झालं."

कुठली बटणं दाबायची ते त्यांनी माझं बघून ठेवलं होतं. त्यानं आधीचं पुसलं जातं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मशीन बंदही करता येत नव्हतं. रिळीवर त्यांच्या फाटक्या आवाजातली वंदना होती, मग खोकला, मग मायनं अंगणात भांडी घासल्याचा आवाज, पार शेवटपर्यंत. माझा एक सूर उरला नव्हता.

"स्वतःचं गाणं बंद पडलं म्हणून माझंबी पुसलंत," मी म्हणालो.

लगेच त्याच रिळीवर मी सगळं पुन्हा वाजवलं. दुसरी रीळ जालन्यात मिळाली असती, पण तेवढा धीर कुणाला होता? माय कापूस वेचायला गेली होती. वडील दारात बसून ऐकत राहिले. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच उतरवलेला नव्हता, हे मला माहीत होतं.

मुंबईला धाडलेली रीळ परत आली. सोबत चिठ्ठी होती, 'गायक नसल्यानं उपयोग नाही.' तोवर वडील गेले होते.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदनेला माणसं जमली. मायनं गुरुजींकडून टेप मागवून घेतला होता.

"त्याहिची वंदना लाव," ती म्हणाली. "आज त्याहिच्याच आवाजात होऊ दे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी छाती झाली नाही. मी रीळ लावली. सगळ्यांनी हात जोडले आणि ऑर्गन सुरू झाला.

"हे नंतरचं असंल," माय म्हणाली. "माघं फिरव."

रीळ पहिल्यापासूनच लावलेली होती. तरी मी ती माघं फिरवली.