मेश्राम मिस्त्रींची कॉईल

दुरुस्ती झाली की मेश्राम मिस्त्री चपला काढून गाडीच्या मागच्या सीटवर बसत, दार लावून घेत आणि डोळे मिटत. पुढे इंजिन चालू, बाहेर गिऱ्हाईक ताटकळत. "मालक मांगं बसते, तं आवाज मांगूनच आयकाचा," असं त्यांचं म्हणणं. धरमपेठेतल्या एका गॅरेजात आम्ही नऊ वर्षं बरोबर होतो. ते इंजिनाचे मिस्त्री, मी वायरिंगवाला.

ऐंशीच्या सुमारास नागपुरातले पैसेवाले अॅम्बेसेडरमध्ये एसी बसवून घेऊ लागले. त्या इंजिनाला ते ओझं झेपत नसे. गाडी धावताना ठीक, पण उभ्या गाडीत एसी लावला की इंजिन थरथरायचं, धापा टाकायचं आणि बंद पडायचं. बाकीचे मिस्त्री स्क्रू पिळून इंजिनाचा वेग कायमचाच वाढवून देत. मग एसी नसतानाही गाडी जागच्या जागी गुरगुरत राही. मेश्रामांना ते पटत नसे. "एकाले ताप आला म्हणून साऱ्या घराले गोळ्या काहून द्याच्या गा?"

त्यांनी एक कॉईल तयार केली. एसीचं बटण दाबलं की ती कार्बोरेटरची दांडी केसभर ओढे आणि तेवढ्यापुरता इंजिनाला जोर येई. पहिली कॉईल एका कंत्राटदार शेठच्या गाडीला बसवली. वायर मी जोडली. मिस्त्रींनी शेठला सगळं नीट समजावून सांगितलं. ड्रायव्हर पांडुरंग तेव्हा लांब उभा राहून काच पुसत होता. नागपूरजवळच्या खाप्याचा, अबोल माणूस. आठ दिवसांनी तो मुद्दाम सांगायला आला, "मिस्त्री, आता घंटाभर उभी ठेवली तरी बंद नाही पडत. शेठच्या शिव्या वाचल्या."

मे महिन्यात शेठकडे लग्न निघालं. पांडुरंग दोन दिवस पाहुणे आणत-पोचवत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं गाडी शेठच्या मोटारखान्यात लावली, बाहेरची गरम लू आत येऊ नये म्हणून शटर ओढलं, एसी लावला आणि सीटवर आडवा झाला. कोंडलेल्या जागेत इंजिनाचा धूर साचत गेला. चार वाजता शटर उघडलं, तेव्हा पांडुरंग गेलेला होता आणि इंजिन चालूच होतं.

चौकशीला आलेला जमादार म्हणाला, "गाडीत काही बिघाड सापडला नाही."

"तेच तं," मिस्त्री म्हणाले. "बिघाड असता तं थे बंद पडली असती."

चार दिवसांनी ते मला घेऊन खाप्याला गेले. पांडुरंगाच्या बायकोला त्यांनी कॉईल काय करते ते सगळं सांगितलं. "थे म्या बनवली वं बाई." माझं नाव घेतलं नाही. मीही बोललो नाही.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "उन्हाचा लय तरास व्हाये त्यायले. गारव्यात गेले न, भाऊ?"

"हो," ते म्हणाले.

कॉईलला मागणी वाढली. गॅरेजवाला रोज मागे लागे, पण मिस्त्रींनी ती पुन्हा बनवली नाही. दिवाळीआधी काम सोडून ते कळमेश्वरच्या एका कारखान्यात लागले. ते निघाले त्या दिवशीच आमची शेवटची भेट झाली. दोन वर्षांनी ते वारल्याचं कळलं. त्या शेवटच्या भेटीत मी भीत भीत विचारलं होतं, कॉईल मी बनवली तर चालेल का?

त्यांनी हात पुसले.

"बनव गा. कोनी ना कोनी बनवनच. पन मालकाले समजावत नको बसू. म्या थेच केलं. ड्रायव्हरशी बोल."