मापबाईंचे चार तास

घरात पडद्याचं कापड आलं, की मापबाई ते आधी दिवसभर खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवतात. सून टेप घेऊन उभी असते, शिंप्याचा दोनदा फोन येऊन जातो, पण बाई हलत नाहीत. "निजू दे त्याला आधी. मग घे माप." सून नवऱ्याकडे बघते, नवरा छताकडे बघतो. बाई निवृत्त झाल्याला नऊ वर्षं झाली, पण घरातल्या कुठल्याही वस्तूला निजल्याशिवाय मोजून घेण्याची सोय नाही.

ही सवय त्यांना एका इंजिनियरिंग कॉलेजातल्या खोलीने लावली. वर्कशॉपच्या मागे, तीन पायऱ्या उतरून, जाड दाराची खोली. अख्ख्या कॉलेजात एसी दोनच ठिकाणी होता. प्राचार्यांकडे त्यांच्यासाठी आणि इथे लोखंडासाठी. बारा महिने वीस अंश, ना एक कमी ना एक जास्त. मधोमध काळ्या दगडाचं टेबल, इतकं सपाट की त्यात वरच्या दिव्याच्या नळीचं प्रतिबिंब सरळ रेघेसारखं पडायचं. काचेच्या कपाटात मोजायची हत्यारं, लाकडी पेट्यांत मखमलीवर मांडलेले, माप पडताळायचे पोलादी ठोकळे, आणि सगळीकडे स्पिरिटचा न् व्हॅसलिनचा वास. चपला दाराबाहेर. विभागप्रमुख आले तरी चपला दाराबाहेर.

बाई तिथे प्रयोगशाळा सहायक म्हणून चिकटल्या त्या एकतीस वर्षं. डिप्लोमा झाल्यावर त्यांना पदवीला प्रवेश मिळाला होता, पण त्याच वर्षी वडिलांनी अंथरूण धरलं आणि पदवी राहिली ती राहिलीच. बाईंनी त्यावरून कधी गळा काढला नाही. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "आमची सून गारव्याला बसून लोखंड मोजते हो." एकीने विचारलं, "रोज मोजायला ते काय वाढतं का?" सासूबाईंनी विषय बदलला. खरं उत्तर 'हो, वाढतं' असं होतं, आणि बाईंची सगळी नोकरी त्या उत्तरावर उभी होती.

लेथवरून, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावरून, उतरलेला तुकडा गरम असतो. गरम धातू फुगलेला असतो, आणि फुगलेल्याचं माप घेतलं तर ते खोटं असतं. म्हणून आलेला प्रत्येक तुकडा त्या काळ्या दगडावर ठेवायचा, खाली नावाची चिठ्ठी, आणि चार तास हात लावायचा नाही. रजिस्टरमध्ये दोन रकाने होते, ठेवल्याची वेळ आणि मोजल्याची वेळ. पोरांनी खोलीला पाळणाघर म्हणायला सुरुवात केली. दार किलकिलं करून एखादा विचारायचा, "बाई, आमचं बाळ उठलं का?"

"नाही. आणि तू असा बोंबललास तर घाबरून अजून फुगेल. चार वाजता ये."

तिथे सगळेच यायचे. संशोधन करणारा एक दाढीवाला दोन वर्षं त्याच त्या सळ्या ताणून आणायचा आणि ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक बसतात तसा पायरीवर बसायचा. शेवटच्या वर्षाच्या पोरांना इंटर्नशिपची पत्रं आली, की एकदम अक्कल सुचायची. "बाई, हे मायक्रोमीटर धरायचं कसं? सोमवारपासून कारखान्यात जायचंय."

"तीन वर्षं काय झोपा काढल्यास?" बाई डाफरायच्या, आणि मग तासभर त्याचा अंगठा आपल्या हाताने नीट ठेवून शिकवायच्या. एकतीस वर्षांत असे किती अंगठे वळवले, देव जाणे.

आणि कार-टीम. दरवर्षी वीस-पंचवीस पोरं मिळून एक माणूस बसेल एवढी छोटी रेसची गाडी बनवायची आणि कॉलेजांच्या स्पर्धेत पळवायची. त्यातलीच एक मुलगी, पक्कड. नाव पोरांनी ठेवलेलं; एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही म्हणून. पहिल्या वर्षी ती खोलीत आली ती बोल्टचं माप घ्यायला, आणि चार तास निघून गेले तरी हलली नाही. दगड सपाट आहे हे कशावरून, ठोकळे बरोबर आहेत हे कोण तपासतं, ते तपासणाऱ्याला कोण तपासतं. बाई वैतागल्या. "तुझी आई तुला जेवायला तरी घालते का, की प्रश्नच खाऊ घालते?" पण दुसऱ्या दिवशी ती आली नाही तेव्हा त्यांनी दोनदा दाराकडे बघितलं. तीन वर्षांत पक्कड त्या खोलीतलीच झाली. बाईंच्या डब्यातलं खायची, आणि स्वतःच्या मुलाला जे कधी ऐकवावंसं वाटलं नाही ते सगळं बाई तिला ऐकवायच्या, राहिलेल्या पदवीसकट.

तिच्या शेवटच्या वर्षी गाडीच्या पुढच्या चाकाचं घर, म्हणजे ज्यात बेअरिंग दाबून बसवतात तो ॲल्युमिनियमचा तुकडा, तडकलेला निघाला. तोही गाडी स्पर्धेला नेणारा ट्रक निघायच्या दिवशी सकाळी. वर्कशॉपमध्ये लेथ चालवणाऱ्या टर्नरमामांनी हातातलं काम टाकून नवीन करून दिला. पक्कड तो फडक्यात गुंडाळून पळत आली तेव्हा दीड वाजला होता. ट्रक तीनला सुटणार होता.

"बाई, चार तास नाहीयेत."

"मग गाडी नाही."

पक्कड नुसती उभी राहिली. एका गिअरबॉक्सच्या कारखान्याने तिला सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला निवडलं होतं; त्यांचे लोक स्पर्धेला येणार होते, आणि हे चाक तिच्या जबाबदारीचं होतं, हे सगळं बाईंना ठाऊक होतं. सांगायची गरज नव्हती. बाईंनी तुकडा दगडावर ठेवला. चाळीस मिनिटांनी हात लावून बघितला. गार वाटला. एकतीस वर्षं ज्या बाईने पोरांना सांगितलं की हाताला काय कळतं, तिने हाताला विचारलं. भोकाचं माप घेतलं, अगदी हवं तेवढं भरलं. आणि रजिस्टर उघडून मोजल्याची वेळ लिहिली दोन दहा. ठेवल्याची वेळ लिहिली सकाळचे दहा दहा.

तुकडा आतून कोमटच होता. ट्रकमध्ये तो पुरता निवला, आकसला, आणि भोक केसाच्या पावभागाइतकं लहान झालं. एवढंच. पोरांनी बेअरिंग दाबून बसवलं, ते जरा जोरातच बसलं, कुणाला काही वाटलं नाही. स्पर्धेत तिसऱ्या फेरीला चाक तापलं, जाम झालं आणि गाडी गवतात जाऊन बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण वर्षभराची मेहनत गवतात गेली.

परत आल्यावर विभागप्रमुख सरांनी चौकशी लावली, कारण कारखान्याने पत्र पाठवलं होतं. चूक कुणाची ते लेखी कळवा, मग मुलीचं बघू. सरांनी रजिस्टर मागवलं. चार तास, माप बरोबर, बाईंची सही. त्या सहीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मग राहिलं काय? बसवताना हलगर्जीपणा. बसवलं कुणी? पक्कडने.

पक्कड मान खाली घालून उभी होती. "हो सर, मीच बसवलं," एवढंच म्हणाली. बाई दाराशी होत्या. त्यांनी लांबूनच आपली सही बघितली आणि पाऊल आत टाकलं नाही.

बाहेर आल्यावर बाईंनी तिचा हात धरला. "बोलली का नाहीस?"

"मीच घाई केली ना, बाई. तुम्हाला कशाला मध्ये ओढू?"

"आणि इंटर्नशिप?"

"बघू दुसरी." एवढं म्हणून ती पायऱ्या चढून निघून गेली. पक्कडने पहिल्यांदाच काहीतरी सोडून दिलं होतं.

संध्याकाळी टर्नरमामा हात पुसत खोलीत आले, चपला बाहेर काढून. रजिस्टर उघडंच होतं. "बाई," ते हळूच म्हणाले, "दहा दहाला तर तो तुकडा झालाच नव्हता. माझ्या लेथवर नुसता गोळा लावलेला होता." बाईंनी रजिस्टर मिटलं. "मी काय कुणाला सांगणार नाही," मामा म्हणाले, आणि गेले.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. दोन माणसं आपल्यासाठी तोंडाला कुलूप लावून बसली आहेत, हे बाईंच्या घशाखाली उतरेना. घरी आमटीत मीठ दोनदा पडलं. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "केसाच्या पावभागासाठी एवढं?"

"केसाचं नाही हो. मी वेळ खोटी लिहिली."

"मग खरी लिही," यजमान म्हणाले आणि पेपर वाचू लागले. आयुष्यात त्यांनी दिलेला हा एकमेव उपयोगी सल्ला, असं बाई अजून सांगतात.

सकाळी सरांचं पत्र टाइप होऊन सहीला आलं होतं. बाईंनी त्यावर रजिस्टर ठेवलं. दहा दहावर लाल रेघ, शेजारी खरी वेळ, एक तीस, आणि खाली पुरतं वाक्य: तुकडा चाळीस मिनिटंच ठेवला, वेळ मी चुकीची लिहिली.

"हे तुम्ही आज सांगताय?"

"काल धीर झाला नाही, सर."

"खोलीचं नाव जाईल, बाई."

"खोलीचं का जाईल? नियम बरोबरच होता. जायचं ते माझं."

आणि गेलंच थोडं. फाइलला मेमो लागला. तीन महिने रजिस्टरवर एका नव्या लेक्चररची सही लागायची, आणि तो पठ्ठ्या बाईंकडेच शिकून गेलेला. सही करताना बिचाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. कारखान्याला नवीन पत्र गेलं आणि पक्कड आठवडाभर उशिराने का होईना, रुजू झाली. पण पोरांमध्ये बातमी फुटली होतीच. कार-टीमचा एक चष्मेवाला दारातून म्हणाला, "बाई, नक्की चार तास झाले ना?"

बाईंच्या नाकावर राग आला. एकतीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी स्टूल घेतलं, आपल्या खुर्चीमागचं घड्याळ उतरवलं आणि दारातून दिसेल असं समोरच्या भिंतीवर टांगलं. "घे. आणि आजपासून ठेवल्याची वेळ तू लिहायचीस. माझ्या हाताने नाही."

सहा महिन्यांनी, निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले असताना, पक्कड आली. कारखान्याचे जाडजूड बूट दाराबाहेर काढले आणि फडक्यातून एक पोलादी रिंग काढली. "मी केलीय. स्वतः, लेथवर. मोजून द्या."

"कारखान्यात मापाची खोली नाही का?"

"आहे की. केवढी मोठी आहे. पण मला इथलंच माप हवंय."

रिंग दगडावर ठेवली. पक्कडने वेळ स्वतः लिहिली. मग दोघी बसल्या. बाईंनी डबा उघडला, पक्कडने कारखान्यातल्या साहेबांच्या नकला केल्या, बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. डबा संपला, तरी दोघी दगडासमोर बसून होत्या. आजवर बाईंनी त्या खोलीत हजारो तुकडे निजवले होते, पण हात मांडीवर ठेवून नुसतं बसून राहणं हे पहिल्यांदाच.

आता पडद्याच्या कापडासमोर बसलेल्या असतात तेव्हा मापबाईंना तीच दुपार आठवते. मेमो नाही, गवतात गेलेली गाडी नाही, निरोपाचा हारही नाही. पक्कडने भिंतीकडे बघून म्हटलेलं आठवतं, "बाई, तीन तास पन्नास मिनिटं झाली. घ्यायचं का?"

"दहा मिनिटं आहेत अजून. बस."