मामांचा बोलका मूकपट

जगात कोणी गप्प बसू शकतं, यावर माझ्या बायकोच्या मामांचा विश्वासच नाही. माणूस बोलत नसेल तर तो आजारी तरी आहे किंवा त्याला कोणी बोलू देत नाहीये, अशी त्यांची दोनच निदानं. मामा मूळचे अकोल्याचे. ऐन तरुणपणी कॅनडात हॅमिल्टनला आले आणि तीस वर्षं स्टीलच्या कारखान्यात भट्टीशेजारी उभे राहिले. भट्टीच्या वर आवाज चढवायची सवय लागली ती रिटायर झाल्यावरही सुटली नाही. शेजारी बसलेल्या मामींना "मीठ दे" म्हटलं की समोरच्या घरातला कुत्रा भुंकतो. बँकेला फोन केला की पलीकडून मशीन बोलतंय हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, तरी ते त्या रेकॉर्ड केलेल्या बाईला मध्येच थांबवून "जेवलीस का?" असं इंग्रजीत विचारतात. दारातला स्नो फावड्याने उपसताना स्नोची समजूत घालतात. एकदा मी रिचमंड हिलहून त्यांच्याकडे पोचलो, तर मामा ड्राइव्हवेवर कोणाला तरी फैलावर घेत होते. जवळ जाऊन पाहिलं तर समोर नवे विंटर टायर. चौघेही गुन्हा कबूल असल्यासारखे मुकाट पडले होते.

अशा माणसाच्या हाती मूकपट लागावा, हा नियतीचा विनोदच. २००६च्या उन्हाळ्यात दोन गल्ल्या सोडून एकाने घरातलं जुनं सामान विकायला गराज सेल मांडला होता. तिथून मामांनी एक बंद पडलेला प्रोजेक्टर आणला. सोबत पत्र्याच्या डबीत एक जुनी फिल्म होती. प्रोजेक्टर दुरुस्त करायला त्यांना तीन आठवडे लागले आणि त्यात मामींच्या शिलाई मशीनचा पट्टा कामी आला. बेसमेंटमध्ये पांढरी चादर टांगून फिल्म लावली, तेव्हा आम्ही सगळे गुपचूप पाहत राहिलो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी हौशी माणूस कॅनडातून बोटीने युरोपातल्या आपल्या जुन्या गावी गेला होता आणि दिसेल ते टिपत सुटला होता. चिखलाचा बाजार, घोडागाड्या, मोठ्या टोप्या घातलेले दाढीवाले, कॅमेरा दिसताच पदर ओढावा तसं एप्रन तोंडावर ओढणारी बाई, आणि कोंबडी उलटी धरून तावातावाने काहीतरी सांगणारा एक लठ्ठ गृहस्थ. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

मामांनी हे जेमतेम दोन मिनिटं सहन केलं. मग कोंबडीवाल्याने तोंड उघडताच बेसमेंटमध्ये अस्सल वऱ्हाडी घुमली, "पाहून काय रायला भाऊ? घ्याची असन त घे, नाई त सोड तिची टांग!"

त्या दिवसापासून मामांचं घर म्हणजे थिएटर झालं. लाँग वीकेंडला टोरोंटोपासून इथल्या, कॅनडातल्या लंडनपर्यंतची मराठी मंडळी जेवायला यायची आणि जेवण झालं की बेसमेंटमध्ये उतरायची. एप्रनवाली बाई पुणेरी बोलायची, घोडेवाला मालवणी, आणि एक उंच, गंभीर म्हातारा दर खेपेला नागपूरच्या उन्हाबद्दल तक्रार करायचा. हळदीकुंकवाच्या दिवशीसुद्धा बायकांनी वाण घेऊन घरी जायचं सोडून कोंबडीवाल्याची फर्माईश केली. मामी म्हणाल्या, "लग्नाला अडतीस वर्षं झाली. आता माझ्याऐवजी भिंतीशी बोलतात, तेवढाच मला आराम."

हे सगळं थांबलं ते माझ्या मुलीमुळे. ती तेव्हा सातवीत होती. दाढीवाले एका इमारतीतून बाहेर पडत होते आणि मामा त्यांच्या तोंडी लग्नाच्या पंगतीतले रुसवेफुगवे घालत होते. सगळे हसत होते. ती हसली नाही. "मामाआजोबा, दे आर ज्युइश," ती म्हणाली. "वी डिड धिस इन स्कूल." मग तिने हळूच विचारलं, की हे कुठल्या सालचं आहे?

मामांनी प्रोजेक्टर बंद केला. पुढच्या काही वर्षांत, महायुद्धात, त्या गावांतल्या ज्यूंचं काय झालं, हे त्यांनाही ठाऊक होतंच. फक्त समोरची माणसं तीच, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना त्यांनी मीठसुद्धा खुणेने मागितलं. मामींनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दोन महिने डबी उघडली गेली नाही. मग मामा तिचा मालक शोधायला निघाले. गराज सेलवाल्याला काहीच माहीत नव्हतं. आधीचे घरमालक सामान टाकून गेले होते, एवढंच तो सांगू शकला. शेवटी डबी बगलेत मारून मामा गावातल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, सिनेगॉगमध्ये गेले. तिथल्या ऑफिसने त्यांना एका ऐंशी उलटलेल्या बाईंचा नंबर दिला. त्या लहानपणी तशाच एका गावातून इकडे आल्या होत्या.

बाई मुलाबरोबर आल्या. मामांनी टाय बांधला होता. ज्यूंना खायला काय चालतं ते मामींनी विचारून-विचारून शेवटी केळी आणि काळा चहा ठेवला. फिल्म सुरू झाली आणि मामा हाताची घडी घालून इतके गप्प बसले, की मला त्यांची काळजी वाटू लागली. ते बाईंचं गाव नव्हतं. ओळखीचं कोणी दिसलं नाही. कोंबडीवाला आला तेव्हा त्या इंग्रजीत पुटपुटल्या, हा काय म्हणत असेल कोण जाणे.

"यांना विचारा," मामी इंग्रजीतच म्हणाल्या, "यांना सगळं ठाऊक आहे."

मामांनी मामींकडे असं काही पाहिलं, की मला ड्राइव्हवेवरचे टायर आठवले. मग त्यांनी मान खाली घालून सगळं कबूल केलं आणि माफी मागितली. "ही सगळी बडबडी माणसं होती," बाई म्हणाल्या. "अशी मुकी ती मला ओळखूच येत नाहीत. बोला तुम्ही."

मामांनी फिल्म मागे घेतली. कोंबडीवाल्याने तोंड उघडलं. मग वऱ्हाडी सुटली. बाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण त्या पुढे सरकल्या आणि गिऱ्हाइकाच्या वतीने यिडिशमध्ये, त्या गावांतल्या ज्यूंच्या भाषेत, उलट बोलू लागल्या. दहा मिनिटं ते दोघं एका कोंबडीवरून भांडत होते. बाईंचा मुलगा डोळे पुसत होता. हसून की कशाने, ते मी विचारलं नाही. सौदा काही जमला नाही. निघताना बाई म्हणाल्या, की आईशी बोलायचे ती भाषा आज फार दिवसांनी तोंडात आली.

त्यानंतर त्या चार-पाच वेळा आल्या, दर वेळी घासाघीस करायला. पुढच्या हिवाळ्यात त्या वारल्या. फिल्म नीट जपली जावी म्हणून त्यांच्या मुलाने टोरोंटोतल्या एका संग्रहालयाचा पत्ता दिला. मामांनी मला सोबत नेलं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म दिला. नावं, गाव, साल, या सगळ्यांपुढे मामांनी ‘माहीत नाही’ लिहिलं. शेवटी दोन चौकटी होत्या: आवाज आहे, आवाज नाही.

मामांचं पेन तिथे अडलं. "काय लिहू, जावईबापू?" त्यांनी विचारलं, तेही इतक्या हळू की मला वाकावं लागलं. मग दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवून त्यांनी बाजूला नीट अक्षरात इंग्रजीत लिहिलं: होता.