आबांचं ठोकाठोकीचं स्टेशन

आमच्या आबांना इंग्रजीचा गंध नव्हता आणि गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण इंटरनेटवरचं कुठलं रॉक स्टेशन चांगलं आणि कुठलं बोगस, हे त्यांच्याइतकं खात्रीने सांगणारा माणूस मी पुण्यातही पाहिला नाही. त्यांची कसोटी एकच होती : पोपट उडाले पाहिजेत.

आबा माझे थोरले चुलते. सणसरला चौफेर ऊस आणि मधे त्यांची एकरभर द्राक्षबाग. मण्यांत गोडी उतरली, की तालुक्यातले झाडून सगळे पोपट पंगतीला हजर. घराचं वर्ष त्या बागेवर चालायचं, त्यामुळे आबांचा जीव टांगणीला. त्यांनी बारामतीहून भोंगा आणला. भीमगीतं लावली, तर माणसं जमली, पोपट हलले नाहीत. लावण्या लावल्या, तर मजूरच कामं सोडून बसले. शेवटी मी गमतीने माझ्या मोबाइलवरून एक रॉक स्टेशन जोडून दिलं. अख्खा थवा वालचंदनगरच्या दिशेने गेला.

तेव्हापासून मी आबांचा स्टेशन शोधणारा झालो. अटी कडक होत्या. "फुकट पायजे. पोपट काय तिकीट काढून येत न्हाईत." एका स्टेशनने नाव, ईमेल, जन्मतारीख विचारली, तर म्हणाले, "सातबारा बी मागतंय का बघ." निवेदक नको, कारण "माणसाच्या बडबडीला पोपट भीत न्हाय, ते सोताच बडबडं हाय." आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाणं मधेच हळू होता कामा नये. "मधी गप झालं, की येत्यात बग."

मोठी आई, म्हणजे आबांची बायको, या संगीतावर रोज तोंडसुख घ्यायची. "भांड्याचा टेम्पो पलटी झाल्यावानी वाजतंय," असं तिचं मत. आबा त्यावर फक्त आवाज वाढवत.

एका वर्षी ऐन तोडणीच्या तोंडावर त्यांचं लाडकं स्टेशन बंद पडलं. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. फोन आला, "जयभीम. बंद पडलं. पोपट मांडवावर बसल्यात आन माज्याकडं बगत्यात." मागे मोठी आई पत्र्याचा डबा बडवत ओरडत होती. आबा तिला म्हणाले, "चालू ठेव, तुजं बी रॉकच हाय."

मी टेबलाखालून लिंका पाठवू लागलो. पहिली नापास : "बाई रडतीया." दुसरी नापास : "दर गाण्याला जाहिरात." तिसरी पाठवली. बाग गेली असं धरून मी चौथी शोधायला लागलो. मग फोन वाजला. "जमलं. ह्यातला ड्रमवाला कष्टाळू हाय."

बाग वाचली. पुढे एप्रिलच्या छाटणीनंतर मी गावी गेलो, तर वेलींवर पानही नाही आणि भोंगा जोरात सुरू. आबा बाजेवर पडून पाय हलवत होते.

"आबा, आता कुठायत पोपट?"

"यायच्या आदीच दम दिल्याला बरा," म्हणाले. पाय काही थांबला नाही.

आबा गेल्या हिवाळ्यात गेले. पुण्यानुमोदनाची वंदना झाली, पाहुणे पांगले आणि घर इतकं शांत झालं, की मला बसवेना. मोठी आई आबांचा मोबाइल घेऊन आली. "त्यांचं ते ठोकाठोकीचं लावून दे." मला वाटलं, तिच्या कानांना सोसणार नाही. म्हटलं, "जरा हळू, मधेमधे शांत होणारं लावू का?"

"नगं बाबा," ती डोळ्यांना पदर लावत म्हणाली. "मधी गप झालं, की तुजं आबा येत्यात."

मी कष्टाळू ड्रमवाला शोधला आणि भोंग्याचा आवाज शेवटपर्यंत वाढवला.